आरएक्स १०० : पावडर कोटिंगनंतर लाईटचा सगळा गोंधळ, हँडलचा जुना स्विच ठेवू की नवा टाकू?

कृष्णाकाठचा_रायडर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे कुणाला परत परत विचारायला नको.

मामाची १९९२ ची यामाहा आरएक्स १०० माझ्याकडे आलीय. नऊ वर्षं गावाला गोठ्याशेजारच्या खोलीत कडब्याच्या पेंढ्यांमागं उभी होती. उंदरांनी सीटखालचं वायरिंग कुरतडून तांब्याच्या तारा उघड्या पाडलेल्या, आणि फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला! इंजिनचं काम झालं, बोअर-पिस्टन नवीन, दुसऱ्या किकला चालू होते, तिथं काहीच तक्रार नाही. फ्रेम, मागच्या चाकाचा चिमटा, स्टँड, मागच्या मडगार्डची पट्टी सगळं पावडर कोटिंग करून आणलं, एका गॅरेजवाल्याकडून बाजारातलं डुप्लिकेट वायरिंग किट टाकून घेतलं, डाव्या हाताचा स्विच मात्र जुना ओरिजिनलच ठेवलाय.

आता प्रॉब्लेम असे. दोन आठवड्यांत हेडलाईटचे तीन बल्ब गेले, प्रत्येक वेळी हायवेला रेस केली की. हॉर्न फक्त हँडल डावीकडे वळवल्यावरच वाजतो. ब्रेक दाबला की ब्रेकलाईट नीट लागतच नाही, लालसर काहीतरी दिसतं आणि चारही इंडिकेटर मंद पेटतात (हे बघून तर माझं डोकंच चालेना). चावी बंद केली तरी इंजिन बंद होत नाही, गिअरमध्ये टाकून क्लच सोडून बंद करावं लागतंय. आणि हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की गाडी आपोआप रेस होते.

गॅरेजवाला म्हणतोय तुझा जुना स्विच खराब आहे, सगळा नवीन सेट टाक. मला तो जुना स्विच फेकवत नाही हो, बटणाला जो खटका आहे तो नवीन मालात लागत नाही. काय करू?

जुना_वायरमन

मित्रा, आधी एक सांग. पावडर कोटिंग करून आल्यावर फ्रेम कुठं कुठं खरवडली? माझा अंदाज, कुठंच नाही.

पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचाच थर, भट्टीत वितळवून पत्र्यावर बसवलेला. करंट त्यातून जात नाही. आपल्या गाडीत बॅटरीचा मायनस फ्रेमला असतो आणि निम्म्या वस्तू फ्रेमच्या पत्र्यातूनच परत येतात, म्हणजे फ्रेम हीच एक मोठी वायर आहे असं समज. तू त्या वायरवर चारी बाजूनं इन्सुलेशन चढवून आणलंस. तीस वर्षं हेच काम केलंय, रंगकाम करून चकचकीत होऊन आलेल्या दहा गाड्यांत आठ गाड्यांना हाच आजार असतो.

आता एकेक घे. बल्ब जातात ते रेग्युलेटरमुळे. या गाडीचा हेडलाईट बॅटरीवर नाही, मॅग्नेटोच्या (इंजिनवर फिरून करंट बनवतो तो) कॉईलवरून डायरेक्ट एसीवर चालतो, म्हणून तर आयडलिंगला मिणमिणतो. रेस वाढली की कॉईलचं व्होल्टेज वाढत जातं आणि जास्तीचं रेग्युलेटर अर्थला, म्हणजे फ्रेमच्या त्या परतीच्या रस्त्याला टाकतो. त्याला अर्थच मिळाली नाही तर टाकणार कुठं? सगळं बल्बवर. तेव्हा रेग्युलेटर बदलायच्या आधी त्याचा बोल्ट काढ, खालचा कोट पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा कर, बोल्टखाली दातेरी वॉशर टाक, घट्ट केल्यावर वरून थोडं ग्रीस लाव म्हणजे गंज धरणार नाही. त्याची काळी वायर असेल तर तीही बघ.

ब्रेकलाईटचं कोडं सोपं आहे. मागच्या दिव्यांची काळी वायर सुटलीय नाहीतर पट्टीला अर्थ नाही. ब्रेकचा करंट बल्बपर्यंत येतो, परत जायला रस्ता नाही, मग तो मागच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून त्यांच्या वायरनं पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथून अर्थ होतो. एवढे बल्ब ओळीनं लागल्यावर सगळे मंदच पेटणार.

हॉर्नसुद्धा अर्थच असणार. बघून सांग.

मल्टिमीटर असेल तर ओहमवर ठेवून बघू नकोस, ते फसवतं, एक तार टिकून असली तरी मीटर चांगलं दाखवतो. डीसी २० व्होल्टवर ठेव, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि इंडिकेटर चालू कर. ०.२ च्या वर आकडा आला तर अर्थ खराब. मग इंजिनच्या बोल्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत अडीच एमएमची एक जादा काळी वायर थिंबल लावून सरळ टाकून दे, फ्रेमच्या भरवशावर राहूच नकोस.

निळी_पल्सर

एवढी कटकट कशाला भाऊ, जुनं सगळं काढून फेक, एलईडी हेडलाईट टाक, हँडलवर नवीन स्विच टाक, दोन तासांचं काम आहे.

जुना_वायरमन

एलईडी एसी लाईनवर टाकली तर फडफडते आणि अर्थ नसलेल्या रेग्युलेटरवर बल्बपेक्षा लवकर जाते. डीसीवर घ्यायची तर कॉईल आणि रेग्युलेटर दोन्ही बदलायला लागतात. इंडिकेटरला एलईडी टाकलीस तर फ्लॅशरही बदल, नाहीतर भराभर मारतो नाहीतर मारतच नाही. करायचं तर कर, पण आधी आजार बरा करून मग. आजारावर नवीन कपडे घालून काय होणार.

टूस्ट्रोकवाली

जुना स्विच अजिबात फेकू नकोस!! मी माझ्या गाडीचे दोन डुप्लिकेट स्विच घालवल्यावर शहाणी झाले, पहिल्या पावसाळ्यात एकाचं डिपरचं बटण आत बसलं ते वर आलंच नाही, रात्री पिरंगुटच्या पुढं नुसत्या अप्परवर घरी आले, समोरचे सगळे लाईट मारून शिव्या घालत होते. त्यानंतर जुना ओरिजिनल उघडून साफ केला आणि पाच वर्षं झाली, बघावं लागलेलं नाही.

कसा उघडायचा ते सांगते कारण इथंच लोक वाट लावतात. खालून दोन स्क्रू असतात, ते जपानी पद्धतीचे, साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि डोकं गोल करून टाकतो. आदल्या रात्री गंजाचं तेल सोडून ठेव, मग टोक घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी दाब देऊन किंचित आवळायच्या दिशेनं फिरव, कट् असा आवाज आला की सुटला समज. आतली पट्टी काढताना अख्खा स्विच मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घालून दोन्ही हात आत घालून काढ, कारण बटणाखाली मोहरीएवढी स्टीलची गोळी आणि केसासारखी स्प्रिंग असते, ती उडाली की गेली. तुला जो खटका आवडतो ना, तो त्या गोळीचाच आहे, ती पितळेच्या पट्टीवरच्या खाचेत बसते तेव्हा बोटाला जाणवतो.

आत हिरवट पावडर दिसेल, तांब्यावर चढलेला गंज. पेट्रोलनं धुवू नकोस, जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकोरण्याच्या कापसावर घेऊन पुस, जे निघत नाही ते शाळेतल्या पेनच्या खोडरबरानं घास, पॉलिश पेपर अगदीच नाईलाज झाला तर हजारच्या वरचा आणि तोही दोनच हात. मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात. जास्त थापलंस तर धूळ धरतं.

आणि हॉर्नबद्दल मला वायरमन काकांपेक्षा वेगळं वाटतंय. हँडल वळवल्यावरच वाजतो म्हणजे वायर आत तुटलीय, बाहेरून रबर शाबूत दिसतं पण आत तांबं तुटलेलं असतं, हँडल वळलं की टोकं भेटतात. यामाहात हॉर्नला तपकिरी वायरनं प्लस कायम मिळतो आणि बटण गुलाबी वायरला अर्थ देतं. म्हणून हॉर्नपाशीच गुलाबी वायर सुटी करून हॉर्नच्या त्या पिनेला एक तुकडा वायर लावून इंजिनला टेकव. खणखणीत वाजला की हॉर्न ठीक, घोळ गुलाबी वायरीत नाहीतर बटणात. मग स्विचकडून येणारी गुलाबी वायर मीटरच्या बीपवर लावून, बटण दाबून धरून, नेकपाशी (हँडलचा दांडा फ्रेमला मिळतो तिथं) जिथं वळते तिथं इंच इंच वाकवत जा. बीप तुटला की सापडलं.

रंगांबद्दल एक. तपकिरी म्हणजे चावीनंतरचा प्लस, चॉकलेटी म्हणजे डावे इंडिकेटर, आणि तीस वर्षांनी दोन्ही सारखेच मळकट दिसतात. हिरवा डिपरचा आणि गडद हिरवा उजव्या इंडिकेटरचा, तेही तसंच. स्विचच्या आत जिथं ऊन लागलेलं नसतं तिथला रंग बघूनच ठरव आणि प्रत्येक वायरीला कागदी टेपची चिठ्ठी लाव. डुप्लिकेट किटमध्ये रंग जुळतीलच असं धरून चालू नकोस.

पंचगंगा_एक्स्प्रेस

भावा लाईटचं हळूहळू कर, आधी ते हँडल उजवीकडे वळवल्यावर रेस होतंय ना ते बघ, नाहीतर वळणावर गाडी अंगावर येईल. केबल चुकीच्या बाजूनं ओढलीय नाहीतर ढील अजिबात ठेवलेली नाही. टाकी काढ आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवत बघ केबल कुठं ताणली जातीय, नेकच्या ब्रॅकेटच्या बाहेरून गेली असंल तर आतून घे. मुठीला थोडी मोकळी चाल पायजेच.

आणि दुसरं महत्त्वाचं. गाडीत ऑइलचा पंप अजून आहे का काढून टाकलाय? असंल तर मुठीतून निघालेली केबल पुढं दोन होते, एक कार्बोरेटरला जाते आणि एक पंपाला. केबलची ढील बदलली की पंपाचंही सेटिंग हलतंय. पंपाच्या पुलीवर खूण असते ती पिनेला जुळली पायजे, ढिली राहिली तर रेस पूर्ण आणि ऑइल कमी, मग तुझा नवा पिस्टन कितीसा टिकणार! माझ्या चुलतभावाचा कागलच्या पुढं ६० च्या स्पीडला जाम झाला, मागचं चाक लॉक होऊन आडवा गेला, नशीब पाठीमागं ट्रक नव्हता. तर जोपर्यंत खूण जुळवून, पंपातली हवा काढून, ऑइल जातंय हे डोळ्यानं बघत नाहीस तोपर्यंत टाकीत लिटरला २० एमएल टूटी ऑइल मिसळूनच चालव. धूर जास्त होईल, होऊ दे.

क्लच केबल जुनीच असंल तर वरचं टोक सोडून त्याला छोट्या पिशवीचा कोपरा दोऱ्यानं बांध, त्यात तेल ओतून रात्रभर टांगून ठेव. सकाळी खालनं काळं पाणी निथळलेलं दिसतंय बघ.

कृष्णाकाठचा_रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसलो, आता सांगतो काय काय सापडलं.

बॅटरी मायनस ते इंजिन, इंडिकेटर चालू असताना २.१ व्होल्ट! इंजिनचा एक बोल्ट आणि रेग्युलेटरखालची जागा घासली, जादा काळी वायर टाकली, आता ०.०४ येतंय. हेडलाईटच्या सॉकेटवर एसी मोजलं, आधी रेसला २० च्या वर जात होतं ते आता १३ ला थांबतंय. चौथा बल्ब अजून जिवंत आहे, काल रात्री मुद्दाम उंब्रजपर्यंत जाऊन आलो. मागची काळी वायर तर जोडलेलीच नव्हती, तिची बुलेट पिन टेपच्या आत नुसती गुंडाळून ठेवलेली.

हॉर्नच्या बाबतीत टूस्ट्रोकवाली ताईंचं बरोबर निघालं. नेकपाशी गुलाबी वायर बाहेरून एकदम चांगली, वाकवली की बीप जातो. तिथं कुणीतरी प्लास्टिकचा टाय करकचून आवळला होता. तेवढा तुकडा कापून नवीन घालू का? डाग देऊ (सोल्डर करू) की पिन दाबू? आणि चावीचं अजून सुटलेलं नाही.

जुना_वायरमन

हॉर्नचं माझं चुकलं, ताईंचं बरोबर.

जिथं वायर वाकते तिथं डाग देऊ नकोस, शिशाचा डाग कडक होतो आणि त्याच्या काठाशी वायर परत तुटते. जोड हेडलाईटच्या डोममध्ये घे, तिथं हालचाल नाही. स्विचपासून डोमपर्यंत अख्खी ०.७५ एमएमची नवीन वायर टाक, टोकाला ३.९ एमएमची बुलेट पिन चांगल्या पक्कडीनं दाब, दातानं चावल्यासारखी नको, आणि नेकपाशी बोटभर ढील ठेव. टेप गोंदवाली वापरू नकोस, उन्हाळ्यात चिघळते. पीव्हीसीचा स्लीव्ह घाल.

चावीसाठी काळी-पांढरी वायर शोध, ती सीडीआयपासून (प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीपासून) चावीपर्यंत येते. या गाडीत चावी बंद केली की ती वायर अर्थ होते, तेव्हा इंजिन बंद पडतं. इंजिन चालू ठेवून काळी-पांढरी इंजिनला टेकव, रबरावर धर, उघड्या तांब्याला हात लावू नकोस, जोरात झटका बसतो. बंद पडलं तर सीडीआय ठीक. मग चावीच्या कप्लरमध्ये (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या खोबणीत) बघ, बहुतेक काळी नाहीतर काळी-पांढरी पिन मागं सरकली असंल.

कृष्णाकाठचा_रायडर

काका, तसंच होतं! कप्लरमधली काळी पिन मागं सरकलेली, तिचं कानशील सुईनं थोडं वर उचलून परत बसवली, टक् आवाज आला. चावी फिरवली आणि इंजिन बंद. मामाला फोनवर ऐकवलं, तो म्हणाला परत चालू करून परत बंद कर.

पंप आहे गाडीत, खूण जुळत नव्हती, बोटभर फरक होता. तेवढं मॅन्युअल बघून लावतोय, तोपर्यंत २० एमएल मिसळूनच चालवतोय. केबल ब्रॅकेटच्या बाहेरूनच होती.

स्विच उघडला, पिशवीत हात घालूनच, गोळी सापडली. पण हॉर्नच्या बटणाची रबरी टोपी फाटलीय, ती कुठं मिळेल?

टूस्ट्रोकवाली

पुण्याला येणं होत असेल तर आधी नाना पेठेत स्पेअरवाल्यांकडे विचार. नाही मिळाली तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी किंवा बुधवारी, सकाळी लवकर. तिथं मोडके ओरिजिनल स्विच किलोवर पडलेले असतात, त्यातल्या एखाद्याची टोपी चांगली निघते. तुझा स्विच मापाला सोबत ने, आणि गोळी-स्प्रिंग डबीत घालून घरीच ठेवून जा.