स्ट्रायपरचं लुअर कोण बदलतं, मासा की गरवणारा?

बार्नेगटकर

दर एप्रिलला इथे न्यू जर्सीत दुकानांच्या भिंती नव्या रबरी माशांनी, म्हणजे लुअरनी (नकली आमिषांनी), भरतात आणि किनाऱ्यावर तेच बोलणं सुरू होतं: लाकडी प्लगचे (माशाच्या आकाराच्या टणक लुअरचे) दिवस गेले, मासा आता शहाणा झालाय. मला हे पटत नाही. स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास, दीडशे वर्षांपूर्वी होता तसाच आहे. बदललं ते आपल्या हातातलं सामान.

१८६४ साली मॅसॅच्युसेट्सच्या कटीहंक बेटावर श्रीमंत मंडळींनी मासेमारीचा क्लब काढला. खडकांवर मचाण बांधून ते गरवत आणि गळाला लावत चक्क लॉब्स्टरची शेपटी! वाळूच्या किनाऱ्यावरच्या साध्या माणसाकडे हातदोरी आणि कथलाचा ओतीव तुकडा. गरगर फिरवायचा, लाटांपलीकडे भिरकवायचा, ओढून घ्यायचा. काठ्या आल्यावरही हा 'टिन स्क्विड' टिकला. काळवंडला की ओल्या वाळूत घासायचा, की पुन्हा चकचकीत. त्याच्या जोडीला वामीचं कातडं. ते शिशाच्या डोक्यावर मोज्यासारखं चढवायचं आणि एरवी खाऱ्या पाण्यात मुरत ठेवायचं.

१९४० च्या दशकात लाकूड आलं. क्रीक चब कंपनीचा पायकी प्लग मुळात गोड्या पाण्यातला, पण केप कॉड कॅनालवर त्याला स्ट्रायपर लागायला लागले. ते बघून बॉब पाँडने अ‍ॅटम प्लग घडवला. स्टॅन गिब्सही त्याच कॅनालवरचा. युद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आणि स्पिनिंग रीळ आल्यावर दोन-तीन औंसांचं लाकूड लांब टाकणं नवशिक्यालाही जमू लागलं. पुढे साच्यातलं प्लास्टिक आणि बारीक वेणीची दोरी, आता डायवाच्या एसपी मिनोसारखे पोटात सरकतं वजन असलेले प्लग. प्रत्येक वेळी आधी सामान आलं, मग आपण म्हणालो, 'माशाला हेच आवडतं.'

पॉइंट जूडिथ

असहमत. तुमच्या इतिहासात मासा काय खातो हेच नाही.

१९८० च्या दशकातलं ब्लॉक आयलंड हे बेट घ्या. तिथे सँड ईल प्रचंड होत्या. पेन्सिलीइतका बारीक, चकाकता मासा. मोठाले बास रात्री त्याच्यावरच तुटून पडायचे आणि किनाऱ्यावर नीडलफिश प्लगने राज्य केलं. आता नीडलफिश म्हणजे काय? सरळ दांडका. ना पुढे ओठासारखी पट्टी, ना डुलणं. पाण्यात टाकला की नुसता येतो. असली वस्तू कारखान्यातल्या कुणाला 'सुचून' लोकप्रिय झाली असं म्हणता? समोरचं भक्ष्य तसं होतं म्हणून ती चालली. सँड ईल कमी झाल्या की तोच प्लग पेटीच्या तळाशी जातो.

तुमच्याकडेही तेच. वसंतात बंकर आला (नवीन वाचकांसाठी: तारलीच्या कुळातला, पण चांगला थोराड) की नऊ इंची काहीतरी लागतं. शरदात बोयीची पिल्लं किनाऱ्याने उतरतात तेव्हा तेच नऊ इंची फेकून बघा. हात दुखतील.

लाकूडतोड्या

दोघेही पैशांबद्दल बोलत नाही आहात याची गंमत वाटते. हाताने कातलेला, रंगवलेला प्लग दगडात अडकून तुटला की रात्रभर झोप येत नाही. रबरी मासा तुटला तर दुसरा लावा.

बार्नेगटकर

@पॉइंट जूडिथ, भक्ष्याचा मुद्दा मान्य, पण त्याने माझं म्हणणं पडत नाही. सँड ईल काय १९८० साली जन्मली? कथलाचा लांबुडका तुकडा तिचीच नक्कल करायचा. वामीचं कातडं लावायचे, आता नऊ इंची स्लग-गो लावतात. लंकर सिटीने ते बनवलं गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बाससाठी, आणि इथल्या लोकांनी उचललं. आकार तोच, हलणं जवळजवळ तेच. कातडं सोलून खारवत बसायचं काम तेवढं वाचलं. म्हणजे बदल कुणाच्या सोयीचा?

सॅंडी_हूक_०७

एक मोठं कारण राहून गेलं: ब्लूफिश, धारदार दातांचा मासा. ज्यांनी ब्लूफिशच्या झुंडीत रबर फेकलंय त्यांना सांगायला नको. पहिल्याच फटक्यात शेपूट साफ, दुसऱ्यात नुसतं शिशाचं डोकं हातात. अशा दिवसांत लाकूड, हॉपकिन्सचं चमच्यासारखं धातूचं लुअर किंवा शिशाच्या डोक्याला केस बांधलेला बकटेल याशिवाय पर्याय नव्हता. आता ब्लूफिश पूर्वीसारखे येत नाहीत, म्हणून रबर परवडतं. माझं मत असं की रबराच्या राज्याचं निम्मं श्रेय गायब झालेल्या ब्लूफिशला द्यायला हवं.

बाकी, लाकूडच श्रेष्ठ म्हणणाऱ्यांना एक आठवण: १९८२ च्या सप्टेंबरात अटलांटिक सिटीच्या जेटीवरून अल मॅकरेनॉल्ड्सने ७८ पौंड ८ औंसांचा बास काढला. वादळी रात्र, आणि दोरीच्या टोकाला रेबेलचा साधा प्लास्टिकचा प्लग. तो जागतिक विक्रम २०११ पर्यंत टिकला.

पॉइंट जूडिथ

आणि २०११ चा ८१.८८ पौंडांचा कशावर? जिवंत वामीवर, होडीतून. लाकूड-प्लास्टिक करत बसा तुम्ही. :)

काकू_इन_क्विन्सी

तुम्ही सगळे मासा पकडण्याचंच बोलताय. आता बहुतेक बास सोडूनच द्यावा लागतो, त्याचं काय? २०२० पासून ठेवता येणाऱ्या माशाच्या लांबीची मर्यादा २८ ते ३५ इंच होती, २०२३ मध्ये ती २८ ते ३१ वर आली, तीही एकच मासा. व्यवस्थापनाच्या हिशोबात सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं धरलं जातं. मग तीन-तीन ट्रेबल (तीन टोकांचे हुक) लटकवलेला प्लग गलफडात रुतवून, चिमट्याने उचकटून, फोटो काढून सोडण्यात कसला पुरुषार्थ? माझ्या मते येत्या काळात बदल प्लगमध्ये नाही, हुकमध्ये होणार आहे. खऱ्या आमिषासाठी सर्कल हुक (टोक आत वळलेले) सक्तीचे झालेच.

ज्या बॉब पाँडचं कौतुक वर चाललंय, त्याने प्लग विकता विकता १९६० च्या दशकात 'स्ट्रायपर्स अनलिमिटेड' काढून माशाच्या पिल्लांची काळजी करायला सुरुवात केली होती. ऐंशीच्या दशकात बास इतका घटला की मेरीलँडने १९८५ पासून पाच वर्षं पकडच बंद ठेवली.

लाकूडतोड्या

काकू, हुक बदलले की प्लगची चाल बिघडते. कारागीर वजन ट्रेबल धरूनच बसवतो. सक्ती झाली तर निम्मी पेटी बाद.

काकू_इन_क्विन्सी

बाद कशाला? मागचा ट्रेबल काढून केस बांधलेला एकेरी हुक लावा. बरेच जण वर्षानुवर्षं हेच करतात. पोटाखालचा मात्र काढून टाकू नका, नाहीतर प्लग कुशीवर झोपतो. तिथे जवळपास तेवढ्याच वजनाचा ठेवा आणि त्याच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका.

बार्नेगटकर

दाबलेल्या काट्यावरून मासा निसटतो ही ओरड फारशी खरी नाही. दोरी ढिली सोडणाऱ्याचा निसटतो. पण काकू, तुम्हीही माझ्याच बाजूच्या निघालात. एकेरी हुक माशाने मागितलेला नाही.

पॉइंट जूडिथ

बोलता आलं असतं तर तोच मागितला असता.