राउटर मध्ये आला की नेट गायब

प्रश्न: केबल मोडेमची वायर थेट लॅपटॉपला लावली की नेट चालतं. राउटर जोडला की त्याच्या सेटिंगमध्ये वॅनसमोर (बाहेरून नेट येतं ती जोडणी) ०.०.०.० दिसतं, म्हणजे पत्ताच मिळत नाही. वायर बदलून पाहिली, राउटर रीसेटही केला.

उत्तर १: वायर वॅन पोर्टातच आहे ना? मग मोडेम अडून बसलाय. बरेच केबल मोडेम सुरू झाल्यावर पहिल्यांदा दिसलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टाचा ओळख क्रमांक) धरून ठेवतात, इथे लॅपटॉपचा, आणि दुसऱ्याला नेट देत नाहीत. मोडेम आणि राउटर दोन्हींचे प्लग काढा, म्हणजे मोडेम तो पत्ता विसरेल. आधी मोडेम लावा, ऑनलाइनचा दिवा स्थिर झाला की मगच राउटर.

उत्तर २: मोडेममध्ये बॅटरी असेल तर तीही काढा, नाहीतर प्लग काढूनही तो जागाच! तरीही अडलं तर राउटरमध्ये मॅक क्लोन करा, म्हणजे त्याला लॅपटॉपचाच मॅक पत्ता द्या. पत्ता लॅपटॉपच्या लॅन (वायरच्या) पोर्टाचा टाका, वाय-फायचा नव्हे.

प्रश्नकर्ता: बॅटरी होतीच. काढली, वॅनला पत्ता आला.