मारबतीच्या कथेतलं ते दार : कोणाला उलगडलं का?

इतवारीकर: कथेत मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो पुतळा, जळून जातो, तरी 'घेऊन जा गे मारबत' ऐकू येतच राहतं. मग पिडा गेली कुठं? आणि मेढ्यांचा उल्लेख कशासाठी?

पळसपान: भाऊ, सगळी मेख मेढ्यांतच आहे. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, ते मेढे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद प्रतिपदेला, ते शिवेबाहेर टाकायचे. कथेत एका दारचे मेढे उचललेच जात नाहीत. अर्ध्या ओळीत सांगून लेखक पुढे सरकतो. त्या घरची इडापिडा तिथंच राहिली. नंतरची हाक मागून नाही, त्या दारातून येते. पुन्हा वाचा.

बडग्या: हे पटलं. पण 'मारबत रात्रभर धगधगत होती' हे साफ चूक. बांबूच्या कामट्यांवरचा कागद भसकन जातो, उरतो तो सांगाडा. पेरांतली हवा तापली की बांबू फटाफट फुटतो. एवढा आयता आवाज सोडून लेखकाने कुत्री रडवलीत! शिवाय नागपुरातल्या काळी आणि पिवळी या दोन मारबतींची नेहरू पुतळ्यापाशी होणारी भेटही वाया घालवली. पिवळीची परंपरा १८८५ची, तिला दोनच वाक्यं?

इतवारीकर: दाराचं लक्षातच आलं नव्हतं. आता सुनेने अंगण न झाडल्याचं वाक्यही वेगळं लागतंय.