भावंडाने रचलेल्या रॉक ऑपेरात, गाण्याच्या नाटकात काम केलंय? अनुभव सांगा

कृष्णाकाठ
सकाळपासून सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत बसलेय. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. आज 38 वाचलं आणि तोंडात दादाची चाल आली.

2005 च्या पुरानंतर दादाने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी अख्खा रॉक ऑपेरा लिहिला. बोललेलं वाक्य एकही नाही, सगळं गाऊनच. दोन गिटार, ड्रम्स आणि आजोबांची पेटी. मी नदी झाले होते. माझ्या गाण्यात नुसते आकडे: चाळीस, एकेचाळीस... दर फुटाला अर्धा सूर वर. पंचेचाळीसला आवाज फाटायचा. म्हटलं, दादा, पट्टी खाली घे की. तर म्हणाला, "पाणी आलं होतं का खाली?" त्या रात्री मी जेवले नाही.

प्रयोगात पंचेचाळीसवर गाणं संपणार होतं. पण समोर बसलेल्या सगळ्यांनी ते आकडे गच्चीवर बसून मोजलेले. मागून कुणीतरी म्हणालं, सेहेचाळीस. मग सगळेच. ड्रमवाल्याने ठेका सोडला नाही. त्रेपन्नला लोक आपोआप गप्प झाले. इतकंच चढलं होतं ना पाणी तेव्हा. दादा विंगेत गिटार गळ्यात घालून नुसता उभा.

तुमच्या भावाबहिणींनी काय काय करायला लावलंय?

रानजाई
काटा आला गं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

फोंडेकर
आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला गावचीच मंडळी संगीत नाटक करतात. एका वर्षी भावाने स्वतःचं लिहिलं आणि इलेक्ट्रिक गिटार आणली. ऑर्गनवाले काका म्हणाले, पायपेटीशिवाय पडदा उघडणार नाही. शेवटी नांदी पायपेटीवर, पुढचं गिटारवर. मी सूत्रधार. दुसऱ्या अंकापासून काकाच गिटारवाल्या पोराला सूर देत होते. त्या पोराने नंतर त्यांच्याकडे पेटी शिकायला सुरुवात केली.

जुनी कॅसेट
बाबांनी 1974 मध्ये मुंबईत अलेक पदमसींनी बसवलेला 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हा इंग्रजी रॉक ऑपेरा पाहिला होता. त्यात गायक नंदू भेंडे जुडास. घरी येऊन आत्याला म्हणाले, आपणही करू. आत्याने लगेच दोन गाणी लिहिली, बाबांनी चाली लावल्या, चाळीच्या गणपतीत म्हटली. नाटक काही झालं नाही. पण ती दोन गाणी आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहेत. भेंड्यांचा आवाज मराठीत अजून कितीतरी ऐकायला हवा होता.

सायली_२
धाकट्याने माझ्यासाठी मोठं गाणं लिहिलं होतं. माझी बारावी, नाही म्हटलं. त्याने तो भाग स्वतःच गायला, बाईच्या पट्टीत. रेकॉर्डिंग लावते तेव्हा तिथे थांबवते. पुढे ऐकवत नाही.

रानजाई
सायली, त्याला आज फोन कर ना.

सायली_२
तो मस्कतला. दीड तास मागे. कामावरून यायचाय अजून.

फोंडेकर
कृष्णाकाठ, गाण्यांची वही आहे का अजून?

कृष्णाकाठ
आहे, पण 2019 ला भिजली. पानं चिकटलीत. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलीय.

फोंडेकर
पिशवीतून आधी काढा! आत बुरशी धरते. उन्हात नको, इस्त्री नको. सावलीत, पंख्याखाली. चिकटलेली पानं ओढू नका, सुटतील तेवढीच सोडवा आणि मधे टिपकागद घाला. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

रानजाई
आणि शाईचं पेन असेल तर ओल्या हाताने अजिबात धरू नकोस. माझ्या आईच्या ओव्यांची वही अशीच गेली.

कृष्णाकाठ
बॉलपेन आहे, वाचतंय. नदीचं पान सुटलं आत्ता. समासात दादाने लिहिलंय, "इथे हिला श्वास घेऊ दे." हे मला तेव्हा दाखवलंच नव्हतं त्याने.

रानजाई
पाणी किती झालं गं?

कृष्णाकाठ
38 च. तासाभरात हललं नाही. फोटो पाठवते दादाला.