मदत हवी आहे: अलास्कात पहिल्यांदाच हेलीबोर्डिंग, थेट व्हॅल्डीझ की आधी ब्रिटिश कोलंबिया?

सिएटलकर

नमस्कार मंडळी,

इथे बर्फावरचे धागे फारसे निघत नाहीत, पण सिएटल, व्हँकुव्हर, कॅलगरीकडचे बरेच जण वाचत असतात म्हणून टाकतोय. पुढच्या मार्चमध्ये आम्ही चौघं अलास्कात व्हॅल्डीझला जायचं म्हणतोय (हो, तेच १९८९ च्या तेलगळतीवालं), हेलिकॉप्टरने वर सोडणार आणि आपण खाली उतरायचं. तिघं स्कीवाले, स्नोबोर्डवाला मी एकटाच. त्यातला एक कॅनडात हेलीस्कीइंग करून आलाय आणि त्यालाच सगळ्यात घाई आहे, बाकी आम्ही नवखे. ॲडव्हान्स भरायची तारीख जवळ आलीये आणि माझं काही ठरत नाहीये.

माझी पातळी सांगतो. सिएटलजवळच्या स्टीव्हन्स पास आणि क्रिस्टल माउंटन या स्की रिसॉर्टना सीझन पासवर जातो, ब्लॅक डायमंड (अवघड उतार) आरामात, डबल ब्लॅक (त्याहून अवघड) बर्फ चांगला असेल तर, पावडर पडली की झाडांमध्ये घुसतो. पण हे सगळं लिफ्टवर हो, खाली स्की पेट्रोल (बचाव पथक) बसलेलं असतं आणि फोनला रेंज असते. ग्लेशियरवर (हिमनदीवर) कधी पाय ठेवलेला नाही. अ‍ॅव्हलांचचा लेव्हल वन (हिमस्खलन सुरक्षेचा पहिला) कोर्स डिसेंबरचा बघतोय.

आता भीती कसली तर एक म्हणजे उतार, तिकडचे व्हिडिओ बघितले की पोटात गोळा येतो, पण व्हिडिओत सगळे कसलेले लोक असतात त्यामुळे नवख्यांना नक्की काय देतात ते कळत नाही. दुसरं म्हणजे हवामान, पैसे भरून आठवडाभर मोटेलमध्ये पत्ते कुटत बसलेल्यांचे किस्से वाचलेत. आणि तिसरं घरचं. मार्च २०२१ मध्ये अलास्कातच निक ग्लेशियरजवळ हेलिकॉप्टर पडून पाच जण गेले आणि मार्च २०२५ मध्ये गर्डवुडजवळ हिमस्खलनात तीन हेलीस्कीयर गेले, या दोन्ही बातम्या बायकोने शोधून काढून मला पाठवल्यात, खाली काहीही न लिहिता. तिला काय उत्तर देऊ ते मलाच माहीत नाही.

तर ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, पहिलीच वेळ व्हॅल्डीझ ठीक आहे का? आणि स्कीवाल्यांच्या ग्रुपमध्ये एकट्या बोर्डवाल्याचे काय हाल होतात? गियरबद्दल पण लिहा, बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) तिन्ही घेतलंय, एअरबॅगवाली सॅक (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी) घेऊ का तिकडे भाड्याने मिळते?

---

पुणेरी_चष्मा

एवढे डॉलर खर्च करून बर्फातच पडायचं असेल तर गुलमर्गला या की. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाटवर साधारण ३९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो, हेलिकॉप्टर नको न फिलिकॉप्टर नको. वर नून चहा. (हलके घेणे)

---

हिमवेडा

व्हॅल्डीझला जाऊन आलोय, मीही बोर्डवालाच, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं उताराचं. रिसॉर्टमधला डबल ब्लॅक साधारण ३५ ते ४० अंशांचा असतो, तिकडे ४५ च्या पुढचे उतार सर्रास दिसतात कारण समुद्र जवळ आहे, बर्फ ओलसर पडतो आणि खडकाला चिकटून राहतो, कोलोरॅडोसारखा कोरडा असता तर त्या कड्यांवर ठरलाच नसता. आणि पडतो किती, तर व्हॅल्डीझ गावातच वर्षाला सरासरी २५ फुटांच्या आसपास, आणि जवळच्या थॉम्पसन पास खिंडीत १९५२-५३ च्या हिवाळ्यात ९७४ इंच नोंदलेत, म्हणजे ८१ फूट. पण घाबरू नका, गाइड पहिल्या दिवशी तुम्हाला असल्या कड्यावर नेत नाहीत. आधी ३० अंशांच्या आसपासचा रुंद ग्लेशियर देतात, तुम्ही कसे वळता, सांगितलं तिथे थांबता का, हे बघतात आणि मग पुढचं ठरवतात. त्यामुळे तुमचं बोर्डिंग मला पुरेसं वाटतंय. मला शंका तुमच्या घाई असलेल्या मित्राची आहे. चौघांचा ग्रुप सगळ्यात कच्च्या माणसाच्या पातळीवर चालतो हे त्याला आत्ताच सांगा, तिकडे जाऊन तोंडं फुगायला नकोत.

आता बोर्डवाल्यांचं. उतरवतात ती जागा कधी कधी एवढी अरुंद असते की बसून बाइंडिंग (बूट बोर्डला बांधायचे पट्टे) लावायला गेलात तर घसरत सुटाल. डोंगराकडे तोंड करून गुडघ्यावर बसायचं, टो एज (बोर्डची बोटांकडची कड) बर्फात रुतवायची आणि मग पट्टे आवळायचे. हे स्टीव्हन्सच्या एखाद्या उभ्या जागी मुद्दाम करत रहा, हातमोजे घालून. दुसरं म्हणजे स्लफ. उभ्या उतारावर प्रत्येक वळणाला वरचा मोकळा बर्फ सुटतो आणि तुमच्याच मागून खाली येतो. टो साइडला असताना तोंड वर असतं म्हणून तो येताना दिसतो, हील साइडला (टाचांच्या कडेवर) पाठ त्याच्याकडे असते आणि तिथेच लोक सापडतात. सरळ रेषेत खाली वळणं घेत राहायचं नाही, दोन-चार वळणं झाली की बाजूच्या उंचवट्यावर सरकायचं, स्लफ पुढे जाऊ द्यायचा आणि मग उतरायचं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालचा सपाट ग्लेशियर. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात, आपण मध्येच अडकतो आणि हात आपसूक बाइंडिंगकडे जातो. गाइडला विचारल्याशिवाय बोर्ड काढायचा नाही म्हणजे नाही. बर्फाखाली क्रेव्हास (हिमनदीतली खोल भेग) असते, बोर्डवर वजन पसरलेलं असतं, बोर्ड काढून चालायला लागलात की सगळं वजन एका बुटावर येतं आणि वरचा बर्फाचा पूल ढासळू शकतो. म्हणून तर तिकडे सगळ्यांना हार्नेस घालायला लावतात, पडलात तर ओढून काढायला काहीतरी हवं ना. आपण घडीच्या काठ्या सॅकमध्ये ठेवायच्या आणि गाइडला आधीच सांगायचं की बोर्डवाला आहे, वेग कुठपर्यंत सोडायचा नाही ते दाखव. चांगला गाइड स्वतःहून सांगतोच.

एअरबॅग भाड्याने मिळते, पण आधी कळवून ठेवा. स्वतःची घेणार असाल तर बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याची घ्या, गॅसचा सिलिंडर विमानात न्यायचा म्हणजे नसती कटकट.

---

बो_व्हॅली

मी कॅलगरीची. माझं मत थोडं वेगळं आहे, पहिली वेळ असेल तर आमच्याकडे या. हेलीस्कीइंगचा धंदाच मुळात इथे सुरू झाला, १९६५ मध्ये हान्स ग्मोझरने ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबूज डोंगरांत. पण ते कारण नाही, कारण झाडं आहेत. व्हॅल्डीझला जवळजवळ सगळं झाडांच्या रेषेच्या वर. ढग खाली आले की पांढऱ्यावर पांढरं, पायलटला जमीन कुठे आहे ते दिसत नाही, मग उडतच नाहीत आणि उडू पण नये. ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकच्या बाजूला हवा बिघडली तरी बऱ्याचदा खालच्या जंगलात उतरवतात, झाडांमुळे उताराचा अंदाज येतो, दिवस वाया जात नाही. सिएटलकरदादा, तुम्ही झाडांमध्ये जाताच म्हणता, मग तुम्हाला हे घरच्यासारखं वाटेल.

पैशाचं पण बघा. इकडे बऱ्याच लॉजच्या पॅकेजमध्ये ठराविक व्हर्टिकल मीटर (एकूण किती उंची उतरलात) धरलेले असतात, तेवढे झाले नाहीत तर फरक परत देतात. व्हॅल्डीझकडे बरेच जण हॉब्स टाइमवर पैसे लावतात, म्हणजे इंजिन जेवढं चालू तेवढे पैसे, रिक्षाचं मीटरच समजा. उडाला नाहीत तर त्या वेळेचे पैसे कसे परत मिळतात, पुढच्या वर्षी चालतात का, हे भरायच्या आधी लेखी घ्या. आणि विमा! साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हेलीस्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. पॉलिसीत ते नाव घालून लिहिलेलं हवं आणि डोंगरातून उचलून नेण्याचा खर्चही त्यात हवा.

फक्त एक अडचण, भारतीय पासपोर्ट आणि एच-वन असेल तर कॅनडाचा व्हिसा लागेल, ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही. तुमच्या चौघांचं काय आहे?

---

पंखेवाला

हेलिकॉप्टरच्या देखभालीत नोकरी झाली आहे, तेवढ्यापुरतं लिहितो, बर्फातलं मला काही कळत नाही.

वजन विचारतील ते खरं सांगा, कपडे-बूट-सॅकसकट. लाजून पाच किलो कमी सांगणारे असतात, पण उंचीवर हवा विरळ, मशीनची उचलायची ताकद कमी, आणि पायलट त्याच आकड्यावर हिशोब करतो. तिकडे बहुतेक ए-स्टार (छोटं हेलिकॉप्टर) असतं, पायलट, गाइड आणि चार पाहुणे, म्हणजे मशीन भरलं. शेपटीकडे जायचं नाही, कधीच नाही. पायलटला दिसेल असं पुढूनच, वाकून, आणि तेही इशारा मिळाल्यावर. डोंगरउतारावर उतरवलं असेल तर वरच्या बाजूने जाऊ नका, तिकडे पाती डोक्याच्या जास्त जवळ असतात. बोर्ड खांद्यावर उभा धरायचा नाही, कमरेखाली आडवा. टोपी, गॉगल, सुटे पट्टे सगळं बांधून घ्या, एखादी टोपी उडून पात्यात गेली तरी खेळ खलास होऊ शकतो. मशीन वर जाईपर्यंत सगळ्यांनी सामानावर ओणवं एकत्र बसून राहायचं, फोटोसाठी मान वर काढायची नाही.

---

सिएटलकर

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. हिमवेडा, बोर्ड काढायचा नाही हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, मी तर नक्की काढला असता.

बो_व्हॅलीताई, व्हिसाचं म्हणाल तर माझं एच-वन, एकाचं ग्रीन कार्ड, बाकी दोघं सिटिझन, म्हणजे अडकलो तर मीच अडकणार. मित्राला तुमचं झाडांचं म्हणणं पाठवलं तर म्हणतो बीसी (ब्रिटिश कोलंबिया) आपण म्हातारपणी करू. 😀 बाकी दोघांना मात्र पटलंय.

एक विचारायचं होतं, चौघांकडे बीकन आहेत, पण गाइड असताना आम्हाला शोधता यायलाच हवं का?

---

हिमवेडा

यायलाच हवं. गाडला जाणारा गाइडच असेल तर? हेलिकॉप्टर दुसऱ्या ग्रुपला घेऊन दोन दऱ्या पलीकडे गेलेलं असतं. दहाएक मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात, अर्धा तास उलटला की तिसरा हिस्सा जेमतेम. तेवढ्या वेळात तुम्हा तिघा-चौघांनीच शोधून खणायचं. आणि खणणं हे शोधण्यापेक्षा जास्त वेळखाऊ असतं, घट्ट झालेला बर्फ सिमेंट होतो, त्यामुळे फावडं प्लॅस्टिकचं असेल तर आजच बदला.

आणि हो, फोन, गोप्रो, गरम होणारे हातमोजे हे बीकनपासून लांब ठेवा, नुसता चालू असताना २० सेंटिमीटर, शोधताना ५०. लोक फोन छातीच्या खिशात ठेवतात, अगदी बीकनवर.

---

बो_व्हॅली

बायकोला काय सांगायचं ते कुणीच लिहिलं नाही. तिने पाठवलेल्या बातम्या खऱ्या आहेत, त्यामुळे "काही होत नाही गं" असं म्हणू नका, ती चिडेल आणि तिचं बरोबर असेल. माझ्या नवऱ्याने मला कंपनीला विचारायच्या प्रश्नांची यादी दाखवली होती, गाइड कुठले सर्टिफाइड, एका गाइडमागे किती पाहुणे, रोज सकाळी हिमस्खलनाचा अंदाज कोण आणि कसा ठरवतं, मशीन बिघडलं तर दुसरं आहे का. मग मीच त्यात दोन प्रश्न वाढवले आणि फोनवर मीच विचारले. ज्या कंपनीचा माणूस उत्तरं देताना वैतागला तिथे आम्ही गेलो नाही.

---

सिएटलकर

हे आवडलं ताई, आज रात्रीच दोघं बसून फोन करतो.

सध्या ठरलेलं असं, व्हॅल्डीझचा ॲडव्हान्स भरत नाही. डिसेंबरचा लेव्हल वन कोर्स चौघांनी एकत्र करायचा (मित्र सुद्धा, त्याने कधी केलाच नव्हता हे काल कळलं), कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज या आठवड्यात टाकतोय, आला तर मार्चमध्ये रेव्हलस्टोक, नाही आला तर व्हॅल्डीझ पण फक्त रुंद ग्लेशियरवाले दिवस, आणि ते बुक करतानाच लिहून द्यायचं. नोव्हेंबरपासून शनिवारी सकाळी स्टीव्हन्सला बीकन पुरून शोधायचा सराव करणार आहोत, सिएटलकडचं कुणाला यायचं असेल तर व्यनि करा, फावडं आपापलं आणा.