स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचा आहार : पोळी उतरत नाही, प्रथिने पुरत नाहीत आणि चातुर्मास तोंडावर आला आहे

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. माझे वय ४६ असून साधारण दीड महिन्यापूर्वी माझी वजन कमी करण्यासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. जखमा भरल्या आहेत, ताप नाही आणि घरातली हलकी कामे मी पुन्हा करू लागले आहे. आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडेसुद्धा चालत नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि दीड लिटर पाणी घ्यावे असे लिहिले आहे. परंतु मला अर्धी वाटी वरण संपवायलाच इतका वेळ लागतो की दिवसाअखेरीस या दोन्हींपैकी एकही गोष्ट पूर्ण होत नाही.

पोळीचे दोन घास घेतले की छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखे वाटते, तोंडाला फेसाळ पाणी सुटते आणि कधी कधी ते सगळे उलटून पडते. याउलट मऊ भात, साबुदाण्याची पेज आणि दुधात बुडवलेले बिस्कीट अगदी सहज जाते, त्यामुळे सध्या त्यांवरच माझे बरेचसे भागते. सकाळी अंथरुणातून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी पूर्वीप्रमाणेच चालू आहे. शिवाय गेले दोन आठवडे वजनाचा काटा जागचा हललेला नाही.

आषाढी एकादशीपासून आमच्याकडे चातुर्मासाचे उपवास सुरू होतात आणि सासूबाईंची इच्छा आहे की निदान एकादशी आणि संकष्टी तरी मी करावी. ज्यांनी या वाटेवरून प्रवास केला आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : आहारशास्त्र, नागपूर

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबरोबर काम करते. खाली लिहिते आहे ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे. तुमच्या शल्यचिकित्सकांनी तुमच्यासाठी काही वेगळे सांगितले असेल तर तेच ग्राह्य धरावे.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. जो भाग जातो त्यातच भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत भूक लागतच नाही आणि पुष्कळ रुग्णांना जेवायची आठवणही राहत नाही. या काळात भुकेची वाट न पाहता घड्याळ पाहून जेवावे लागते. दिवसातून पाच ते सहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धी वाटी, क्वचित थोडे अधिक, आणि त्यासाठी वीस ते तीस मिनिटे राखून ठेवावीत.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे भात, साबुदाणा आणि बिस्कीट सहज जाते हे वाक्य. हे पदार्थ सहज जातात याचे कारण ते चटकन मऊ होऊन नळीतून पुढे सरकतात, पोट भरल्याची जाणीव देत नाहीत आणि त्यांत प्रथिने जवळजवळ नसतात. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट आहे. पनीर किंवा घट्ट वरण जड वाटते, कारण ते नळीत थांबते, आणि तसे थांबणेच या शस्त्रक्रियेला अपेक्षित आहे. प्रथिने कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरू लागते, थकवा येतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत होणारी केसगळती अधिक वाढते. (ती गळती वेगाने वजन उतरल्यामुळे बहुतेकांना काही प्रमाणात होतेच आणि पोषण नीट असेल तर केस परत येतात, हे आताच सांगून ठेवते, म्हणजे घाबरून जाऊन भलतीसलती तेले आणि गोळ्या सुरू करणार नाही.)

म्हणून ताटात प्रथिनाचा पदार्थ आधी, भाजी त्यानंतर आणि जागा उरली तर दोन घास भात, असा क्रम ठेवावा. शाकाहारी घरात ६० ग्रॅमचे गणित जुळते, परंतु केवळ वरणावर जुळत नाही, कारण आपल्या नेहमीच्या एक वाटी वरणात पाच ते सात ग्रॅमच प्रथिने असतात आणि पातळ वरणात त्याहूनही कमी. या टप्प्यावर व्हे प्रोटीनच्या (दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रथिनांच्या) पुडीचा आधार घेण्यात काहीही कमीपणा नाही. सकाळी २०० मिलिलिटर साय काढलेल्या दुधात सोबत मिळणाऱ्या मापाच्या चमच्याने एक चमचा पावडर घातली, तर ब्रँडप्रमाणे थोडाफार फरक धरूनही ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. हे दूध एका दमात न पिता तासाभरात घोट-घोट संपवावे. दुपारी ५० ग्रॅम मऊ पनीर कुस्करून घेतले तर नऊएक ग्रॅम, मधल्या वेळी घरी बांधलेला साखर न घातलेला चक्का १०० ग्रॅम घेतला तर साधारण आठ ग्रॅम, आणि रात्री ३० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेले मऊ धिरडे सात ग्रॅम. उरलेले सहा-सात ग्रॅम ३० ग्रॅम बेसनाच्या पातळसर पिठल्यातून येतात. पिठले हा मला या काळासाठी आपल्या स्वयंपाकातला अतिशय उपयुक्त पदार्थ वाटतो, कारण ते मऊ असते, घशाखाली नीट उतरते आणि घरातल्या सर्वांसाठी एकाच कढईत होते. तिखट आणि तेल मात्र हात राखून घालावे. मटकी किंवा चवळीची उसळ थोड्या दिवसांनी, भरपूर शिजवून आणि घोटून सुरू करावी, नाहीतर वाताचा त्रास होतो.

पोळीबद्दल आत्ता आग्रह धरू नका. गव्हाची पोळी, पाव आणि चिकट भात यांचा चावल्यानंतर लगदा होऊन तो अरुंद जागी बसतो, त्यामुळे अनेकांना ती आणखी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीच सोसते. तेव्हाही एक लहान फुलका डाळीत कुस्करून, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून घ्यावा. फेसाळ पाणी सुटणे ही थांबण्याची सूचना आहे. तिच्यानंतरचा घास घेऊ नये.

पाणी जेवणाबरोबर घ्यायचे नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून मग दर काही मिनिटांनी घोटभर, असे दिवसभर चालू ठेवावे. साधे पाणी, पातळ ताक, लिंबूपाणी साखरेशिवाय, असे सर्व धरून दीड लिटर. सोडा आणि फसफसणारी पेये टाळावीत. वजनाचा काटा पहिल्या दोन महिन्यांत एखाद-दोन आठवडे थांबणे अगदी नेहमीचे आहे, त्याची चिंता नको.

अंधारी येते त्याबद्दल मात्र आजच फोन करा. वजन उतरू लागले आणि पाणी कमी पडले की पूर्वीचीच रक्तदाबाची गोळी जास्त ठरू शकते. घरी यंत्र असेल तर बसून आणि उभे राहून दाब मोजून ते आकडे डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

उत्तर २ : जयगडचा किनारा, रत्नागिरी

ताई, माझी शस्त्रक्रिया बायपासची होती, त्यामुळे माझे सर्व अनुभव तुम्हाला लागू होणार नाहीत. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणून लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषण स्लीव्हपेक्षा अधिक बाधित होते. गोड खाल्ले की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम आणि पोटात मुरडा येतो, त्याला डंपिंग म्हणतात. काहींना दोन-तीन तासांनी साखर उतरून हातपाय कापतात. स्लीव्हमध्येही हे होऊ शकते, पण कमी प्रमाणात. आमच्या घरी सणाचा मोदक समोर आला तर मी त्यातले चमचाभर सारण जेवणाच्या शेवटी घेतो, रिकाम्या पोटी कधीही घेत नाही.

मी लिहितो आहे ते मुख्यतः उलट्यांसाठी. पोळी अडकून एखादे वेळी उलटी होणे वेगळे आणि पाणीसुद्धा न टिकणे वेगळे. उलट्या सतत चालू राहिल्या तर बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो, कारण तो मुळातच लहान असतो. मग एकाची दोन चित्रे दिसणे, चालताना झोक जाणे, पायांना बधिरपणा येणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आमच्या नात्यातल्या एका बाईंना अशा उलट्यांसाठी गावातल्या एका दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाइन लावण्याची तयारी चालली होती. सुदैवाने त्यांच्या मुलाने शस्त्रक्रियेची फाइल पुढे केली आणि आधी थायमिनचे इंजेक्शन दिले गेले. थायमिनची कमतरता असताना आधी ग्लुकोज गेले तर ती स्थिती आणखी बिघडू शकते. तेव्हा शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद पर्समध्ये कायम ठेवा आणि कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवताच तो दाखवा.

अंगदुखी किंवा डोकेदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. आमच्या बायपासमध्ये तर त्यांनी जोडाजवळ व्रण होतो म्हणून त्या पूर्ण वर्ज्यच सांगितल्या आहेत. तंबाखू आणि मिश्रीचेही तेच.

उत्तर ३ : चिंचवडची सून

उपवासाबद्दल लिहिते, कारण माझ्या जाऊबाईंच्या वेळी आमच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला होता. निर्जळी उपवास पहिले वर्षभर तरी मनातही आणू नये, असे त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आम्ही घरी बसून ठरवले की उपवासाला जे चालते त्यातले प्रथिनांचे पदार्थ तेवढे घ्यायचे. दूध, ताक, चक्का, घरी केलेले पनीर आणि राजगिऱ्याची दुधातली मऊ लापशी हे सर्व आमच्याकडे उपवासाला चालते. दाण्याची आमटी त्या अगदी थोडी, पातळ करून घेत, कारण दाण्यात प्रथिने असली तरी स्निग्धांश फार असतो. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पदार्थ ताटात वाढलेच नाहीत. औषधे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या एकादशीलाही घेतल्याच पाहिजेत.

सासूबाईंना तुम्ही एकट्याने समजावण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. वडीलधाऱ्यांचा आग्रह बहुतेक वेळा काळजीपोटीच असतो, "काही खात नाही, पोर वाळली" या भीतीने. दर वेळी किती खायचे हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की वाढताना त्यांचाच हात आवरतो. आमच्याकडे आता सासूबाई जाऊबाईंसाठी लहान वाटी स्वतःहून वेगळी काढून ठेवतात.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. रक्तदाब मोजला, उभे राहिल्यावर तो बराच उतरत होता. डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली आहे आणि पाणी वाढवायला सांगितले आहे. उलट्या आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी आणि पोळी खाल्ली तरच होतात, द्रव पदार्थ व्यवस्थित टिकतात. एक शंका राहिली आहे. मल्टिव्हिटॅमिन, लोह आणि कॅल्शियम या तिन्ही गोळ्या मी सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेते, ते योग्य आहे का?

आहारशास्त्र, नागपूर

गोळीची मात्रा वेळेवर बदलली हे फार चांगले झाले. तिन्ही गोळ्या एकत्र घेऊ नका. कॅल्शियम लोहाच्या शोषणाला आडवे येते आणि चहातले टॅनिनही तेच करते, म्हणून लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर हवे आणि लोहाच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. लोह दुपारी लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास अधिक चांगले शोषले जाते. तुमची मासिक पाळी अजून चालू असेल तर लोहाची गरज ४५ ते ६० मिलिग्रॅमपर्यंत असते, तेव्हा पाकिटावरचा आकडा तपासा. कॅल्शियम आहारासह दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते, ते एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त शोषले जात नाही, म्हणून विभागून घ्यावे. त्यात सायट्रेट हा प्रकार निवडावा, कारण त्याला जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही.

बी-१२ कडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे शाकाहारी माणसांत ते आधीच कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि त्याच्या शोषणाला लागणारा घटक जठरातच तयार होत असल्यामुळे जठर लहान झाल्यावर ही उणीव वाढते. मात्र यकृतातला साठा हळूहळू संपतो, त्यामुळे लक्षणे दिसायला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात आणि तोपर्यंत सर्व ठीक आहे असे वाटत राहते. रोजची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, यांपैकी जे तुमचे डॉक्टर सांगतील ते आयुष्यभर चालू ठेवायचे आहे. पहिली रक्ततपासणी तिसऱ्या महिन्यात करून घ्या आणि त्यात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) यांचा समावेश आहे ना ते आधीच विचारा. त्यानंतर सहाव्या महिन्यात, वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली तर सोनोग्राफीही करून घ्यावी.