पाडव्याची भेट, जॉइंट खातं आणि बँकेचा मेसेज

हिशेबी_माणूस:
दिवाळी तोंडावर आली की आमच्या ऑफिसात दरवर्षी एकच विषय. पाडव्याला बायकोला काय घ्यायचं, हा प्रश्न नाहीच. तिला कळू न देता कसं घ्यायचं, हा. दोघांचे पगार एका खात्यात, दोघांच्या फोनवर बँकेचं ॲप, खर्च झाला की दोन्हीकडे मेसेज. सराफाच्या पायऱ्या उतरायच्या आत घरून फोन येतो, "अंगठी की कानातलं?" मग लोक युक्त्या काढतात. कुणी मित्राच्या कार्डावर घेतो आणि त्याला 'ट्रिपचे पैसे' असा शेरा टाकून रक्कम पाठवतो. कुणी एटीएममधून थोडेथोडे काढून साठवतो. एका महाभागाने बायकोच्या फोनवर बँकेचे मेसेजच बंद करून ठेवले.

माझं मत सरळ आहे. वस्तू लपवा, रक्कम लपवू नका. "पाडव्यासाठी पंधरा हजार बाजूला काढतोय, कशाला ते विचारू नकोस," एवढं बोलायला काय जातं? पैसे दोघांचे, तर ते गेले हे दोघांना माहीत हवं. 'ट्रिपचे पैसे' हे तर धडधडीत खोटं. आज अंगठीसाठी, उद्या कशासाठी? तुम्हाला काय वाटतं?

पैठणीचा_पदर:
अहो, पंधरा हजार म्हटलंत की संपलं की सगळं! सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून पंधरा हजारांत काय येतं हे कुठलीही बाई झोपेत सांगेल. रक्कम कळली की वस्तू कळलीच. आमच्याकडे नणंदबाई पैसे भरतात, पाडवा झाला की हे त्यांना परत करतात आणि त्याच संध्याकाळी बिल माझ्या हातात ठेवतात. चार दिवस उशिरा कळलं म्हणून ते खोटं होत नाही. ओवाळायला बसल्यावर ताटात काय पडणार हे आधीच माहीत असेल तर ओवाळायचं तरी कशाला? ऑनलाइन ट्रान्सफर करून मोकळे व्हा.

काउंटर_क्र_४:
वादात पडायचं नाही असं ठरवून आलो होतो. बँकेत काम करतो म्हणून ते मेसेज बंद करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, हा उद्योग करू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले आणि त्यात चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. उशीर केलात की येऊ शकतो. आणि कळायचं कशावरून? त्या मेसेजवरूनच. अंगठीच्या गमतीपायी खातं रिकामं झालं तर पुढच्या पाडव्याला बँकेलाच ओवाळावं लागेल.

छोट्या खरेदीला यूपीआय लाइट आहे, म्हणजे यूपीआय ॲपमधलं आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट. त्यातले खर्च पासबुकात एकेक करून येत नाहीत, लाइटमध्ये पैसे भरल्याची तेवढी नोंद दिसते. एका वेळी हजार रुपये, आणि लाइटमध्ये एकूण पाच हजारांच्या वर ठेवता येत नाहीत. म्हणजे गजरा, अत्तर, मिठाई. सोनं विसरा.

खडूस:
जॉइंट खात्यातून भेट म्हणजे अर्धी भेट बायकोने स्वतःलाच दिली. गुपित कसलं त्यात? आम्ही दोघं जातो, ती निवडते, मी पार्किंग शोधतो. बिल तिथेच फाडून टाकायचं म्हणजे किमतीवरून नंतर वाद नाहीत.

अळूवडी:
सगळे नवऱ्याने बायकोला द्यायच्या भेटीबद्दल बोलताय. जरा उलटं करून बघा.

माझंही खातं जॉइंट आहे. म्हणजे पासबुकावर माझं नाव आहे. पगार ह्यांचा, मेसेज ह्यांच्या नंबरवर. ह्यांच्या पन्नाशीला घड्याळ घ्यायचं मनात होतं. कार्ड मशीनला लावलं की ह्यांचा फोन वाजणार, "काय घेतलंस?" प्रेमाने विचारतात हो, पण विचारतातच. शेवटी घड्याळ आलं ते भिशीतून आणि भाजी-दुधातून मागे टाकलेल्या पैशांतून. ते पैसे ह्यांना माहीत नव्हते. आता हिशेबी दादांच्या नियमाने मी खोटारडी ठरते का?

२०१६ चा नोव्हेंबर आठवा. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि त्या आठवड्यात घरोघरी डाळीच्या डब्यातून, साड्यांच्या घड्यांतून, कपाटात पसरलेल्या वर्तमानपत्राखालून पैसे बाहेर आले. "बायको केवढी श्रीमंत निघाली!" म्हणून पुरुषांनी विनोद केले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी नाही, असं सरकारलाही सांगावं लागलं. म्हणजे सरकार विचारणार नव्हतं. माझ्या जावेला मात्र सासऱ्यांसमोर बसून नोटानोटांचा हिशेब द्यावा लागला. हे कुठून आले, ते कधी ठेवलेस, माहेरी किती दिलेस. त्यातले बरेचसे तिने दिरांच्या वाढदिवसाच्या सोन्याच्या साखळीसाठी जमवले होते. ती साखळी मग राहूनच गेली.

ज्याच्या नावाने पगार जमा होतो त्याला पारदर्शकता फुकट मिळते, दादा. आम्हाला तिची किंमत मोजावी लागते.

निवांत:
आमच्याकडे सराफाच्या योजनेचा हप्ता दर महिन्याला खात्यातून जातो. अकराच महिने, कारण कंपन्यांच्या ठेवींच्या नियमांप्रमाणे आगाऊ घेतलेले पैसे ३६५ दिवसांत मालात वळते करावे लागतात. बायको दर महिन्याला तो मेसेज वाचते आणि अवाक्षर काढत नाही. अकरावा हप्ता गेला की व्हॉट्सॲपवर डिझाइन पाठवते. गुपित कुणाचं कुणापासून, ते आता मलाही सांगता येणार नाही.

तिरकस_कोन:
खडूस, बिल फाडू नका हो! वकिली करते म्हणून सांगते. दागिना कुठल्याही खात्यातून घेतलेला असो, बायकोला भेट दिला की ते तिचं स्त्रीधन. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं आहे. उद्या प्रश्न आलाच तर बिल आणि दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क क्रमांक, हेच कामाला येतं.

मूळ विषयावर मी हिशेबी यांच्या बाजूने. कौटुंबिक न्यायालयात भांडणं पाडव्याच्या अंगठीवरून येत नाहीत. येतात ती दुसऱ्या क्रेडिट कार्डावरून, भावाला दिलेल्या उसन्यावरून, मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादावरून. आणि समोरच्याचं पहिलं उत्तर हमखास असतं, "तुला सरप्राइज द्यायचं होतं." भेट हा फार सोयीचा आडोसा आहे. नणंदेमार्फत व्यवहार करणाऱ्या सगळ्यांवर संशय घेत नाही, पण सवय कुठली लागते ते बघा.

हिशेबी_माणूस:
पैठणीताई, उसनवारीत एक गोम आहे. अंगठी घेतली, पैसे नणंदेचे गेले, तुमच्या खात्यात शिल्लक जशीच्या तशी. म्हणजे तुम्हाला दिसणारी शिल्लक खरी नाही. त्या चार दिवसांत तुम्ही पोराच्या क्लासची फी भरलीत आणि लगोलग घराचा हप्ता आला, तर? ऐन पाडव्याला चेक परत यायचा.

अळूवडीताई, तुमचं खातं मी जॉइंट धरतच नाही. ते त्यांचं खातं आहे, त्यावर तुमचं नाव आहे एवढंच. तिथे माझा नियम लावणं अन्यायाचं होईल. तरी डबा हा काही उपाय नव्हे. दर महिन्याला ठरावीक रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यात, त्याचा हिशेब कुणी मागायचा नाही. त्यांच्या एकट्याच्या खात्यातही तेवढीच. त्यातून हवी ती भेट घ्या, कळणारच नाही.

अळूवडी:
ऐकायला छान आहे. ती रक्कम ठरवणार कोण? मी पाच हजार म्हटलं तर "पाच कशाला लागतात?" इथपासून सुरुवात, म्हणजे हिशेब आधीच द्यायचा. आणि नवीन खात्याच्या फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा लिहिला जातो, हे काउंटरवाल्या दादांनाच विचारा.

काउंटर_क्र_४:
बऱ्याचदा नवऱ्याचा. बाई शेजारी बसलेली असते आणि फॉर्म तेच भरतात. मी हल्ली फॉर्म सरळ बाईंच्या पुढ्यात सरकवतो.

पैठणीचा_पदर:
हिशेबी भाऊ, आमच्याकडे फी आणि हप्ता दोन्ही मीच बघते, तेव्हा चेक परत येण्याची काळजी सोडा. राहता राहिलं गुपित. यंदाचं काय आहे ते नणंदबाईंनी मला परवाच फोनवर सांगून टाकलंय. ह्यांना पत्ता नाही. तुमच्या नियमात हे कुठे बसतं?